वैद्यकीय हलगर्जीपणा आणि रुग्णाचा न्याय : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे मांडीचे हाड मोडलेल्या तरुणास सुमारे २०० मैलांवरील पुण्यात नेण्यात आले. तेथे उपचारानंतर तो दगावला. वडिलांच्या दाव्यात ३००० रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली कायम केली. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या खटल्याने उपचार निवडताना व करताना वाजवी काळजी घेणे हे डॉक्टरचे कर्तव्य ठरवले.

१९९५ च्या ‘व्ही. पी. शांता’ निर्णयाने सशुल्क वैद्यकसेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली असल्याचे स्पष्ट झाले. तथापि पुण्यात उपचार घेतलेल्या खालापूरच्या रुग्णास सामान्यतः पुण्यातच तक्रार करावी लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने त्यास आपल्या जिल्ह्यात, अलिबागच्या आयोगाकडे, २ वर्षांच्या मुदतीत दाद मागता येते.

मात्र सर्वांना विनामूल्य सेवा देणारी रुग्णालये या कक्षेबाहेर आहेत. शासकीय रुग्णालयावर विसंबलेल्या कर्जतच्या कातकरी, ठाकर रुग्णास भरपाईसाठी मुख्यतः दिवाणी न्यायालय उरते. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयातील १९६३ च्या मृत्यूबद्दल ‘अच्युतराव खोडवा’ खटल्यात शासन जबाबदार ठरले, ते १९९६ साली. न्यायाचे अंतर कमी झाले, ते प्रामुख्याने पैसे मोजणाऱ्या रुग्णासाठी, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.