सेव्ही

मानवी वीर्यातील, विषाणूंचा, विशेषतः एचआयव्हीचा, पेशीप्रवेश सुकर करणारे अमिलॉइड तंतू. हे नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून रूढ झाले. जर्मनीतील उल्म विद्यापीठाचे यान म्युंच, फ्रांक किर्शहोफ व सहकाऱ्यांनी वीर्यातील पेप्टाइडे चाळून २००७ मध्ये त्यांची नोंद केली.

रचना व कार्य : प्रोस्टेट ग्रंथीतून स्रवणाऱ्या ॲसिड फॉस्फटेज या विकराचा २४८ ते २८६ क्रमांकांचा, ३९ ॲमिनो अम्लांचा तुकडा सुटा असताना निष्प्रभ असतो, असे तुकडे एकमेकांना चिकटून तंतू बनले, की तो प्रभावी ठरतो. लायसीन व आर्जिनीन यांच्यामुळे तंतूंवर धन विद्युत्‌भार असतो. विषाणू व पेशी या दोहोंचे पृष्ठभाग ऋणभारित, म्हणून एकमेकांना दूर लोटणारे. तंतू दोघांनाही धरतो आणि हा दुरावा मिटतो. भार नाहीसा केल्यास तंतू बनतात, पण संसर्ग वाढत नाही. सारे मर्म या भारातच आहे. विषाणू अत्यल्प असताना प्रयोगशाळेत संसर्गक्षमता एक लाख पटींपर्यंत वाढलेली आढळली.

अन्य प्रथिने : स्खलनानंतर वीर्य घट्ट होते ते सेमेनोजेलिन या प्रथिनामुळे. पुढे पीएसए हे विकर (रक्तचाचणीमुळे परिचित) त्याचे तुकडे करते व वीर्य पातळ होते. या तुकड्यांचेही तंतू बनतात व तेही संसर्गवर्धक असतात. याउलट वीर्यातील क्लस्टरिन एचआयव्हीला द्रुमाकृती (डेन्ड्रिटिक) प्रतिकारपेशींवर चिकटू देत नाही.

अन्य विषाणू : नागीण गटातील काही विषाणू व इबोला यांनाही तंतूंची मदत होते. झिकाला मात्र वीर्य प्रयोगशाळेत रोखते.

महत्त्व : प्रत्यक्ष संभोगात या तंतूंचा वाटा किती, हे अनिर्णित आहे. माकडांवरील प्रयोगांत परिणाम प्रयोगशाळेतील आकड्यांच्या जवळपासही गेला नाही. तंतूंचे मूळ काम सदोष शुक्रपेशींचा निचरा करणे असावे, असे एक मत आहे.

प्रतिबंध : हिरव्या चहातील ईजीसीजी हे द्रव्य परीक्षानळीत तंतू मोडते, त्यावरून चहा पिऊन संरक्षण मिळते, असे समजू नये. निरोध वापरल्यास वीर्याचा संपर्कच टळतो.