मार्कंड्याची देवळं, एक स्कॉटिश कवी आणि जपून ठेवलेल्या वह्या : स्कॉटलंड आपल्या कवींचे कागद कसं सांभाळतं?

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर मार्कंडा आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. दगडातलं कोरीवकाम इतकं देखणं, की लोक या ठिकाणाला 'विदर्भाचं खजुराहो' म्हणतात.

या देवळांचं सविस्तर वर्णन करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक होते अलेक्झांडर कनिंगहॅम. भारतीय पुरातत्त्व खात्याचा पाया घालणारे हेच ते. १८७३ ते १८७५ या काळातल्या मध्य प्रांताच्या दौऱ्याच्या त्यांच्या अहवालात मार्कंडा येतं.

इथपर्यंत अनेकांना माहीत असतं. पण या कनिंगहॅमचे वडील स्कॉटलंडचे नावाजलेले कवी होते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. आणि त्या वडिलांची गोष्ट वाचली, की कवीच्या हस्ताक्षरातले कागद का जपायचे याचं उत्तर मिळतं.

गवंडी, कवी आणि एक फसवणूक

वडिलांचं नाव अ‍ॅलन कनिंगहॅम. जन्म १७८४, स्कॉटलंडच्या डम्फ्रीस परगण्यातला. हा माणूस मुळात दगड घडवणारा गवंडी. शेजारच्याच शेतावर काही वर्षं रॉबर्ट बर्न्स राहत होता. हा बर्न्स म्हणजे स्कॉटलंडचा सगळ्यात लाडका कवी.

तर झालं असं, की १८०९ मध्ये आर. एच. क्रोमेक नावाचा एक संग्राहक जुनी लोकगीतं शोधत त्या भागात आला. अ‍ॅलनने त्याला स्वतःच्या कविता दाखवल्या. क्रोमेकला त्यात फार रस वाटला नाही. त्याला हवी होती जुनी गाणी. मग अ‍ॅलनने काय केलं? स्वतःच गाणी रचली आणि 'ही आमच्याकडची परंपरेने चालत आलेली गाणी' म्हणून देऊन टाकली. १८१० मध्ये ती पुस्तकात छापूनही आली.

वॉल्टर स्कॉट आणि जेम्स हॉग या लेखकांना शंका आली. आज तर ती गाणी बहुतांशी अ‍ॅलनचीच होती, हे सर्वमान्य आहे.

पुढे अ‍ॅलन लंडनला गेला, फ्रान्सिस चँट्री या शिल्पकाराकडे काम करू लागला आणि १८३४ मध्ये त्याने बर्न्सचं साहित्य आठ खंडांत संपादित केलं. त्याच्या मुलांना ईस्ट इंडिया कंपनीत जागा मिळवून देण्यात वॉल्टर स्कॉटने मदत केली. त्यातलाच एक मुलगा अनेक वर्षांनी वैनगंगेच्या काठावर येऊन देवळांची वर्णनं लिहीत बसला. बाप दगड घडवायचा, मुलगा दगड वाचायचा.

मुद्दा असा, की छापलेल्या पुस्तकावरून कविता नेमकी कुणाची, कधीची आणि तिच्यात नंतर काय बदललं हे कळेलच असं नाही. त्यासाठी मूळ कागद लागतो.

हे कागद आज कुठे आहेत?

सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे एडिनबरामधलं स्कॉटलंडचं राष्ट्रीय ग्रंथालय. १६८९ मध्ये सुरू झालेल्या वकिलांच्या ग्रंथालयातून ते उभं राहिलं आणि १९२५ मध्ये राष्ट्रीय झालं. तिथल्या काही गोष्टी पाहा :

- बॅनटाइन हस्तलिखित (१५६८) : एडिनबरात प्लेगची साथ आली, तेव्हा जॉर्ज बॅनटाइन या तरुणाने घरात बसून जुन्या स्कॉट्स कविता उतरवून काढल्या. त्यातल्या काही कविता आज फक्त याच वहीमुळे उरल्या आहेत.
- लिझमोरच्या डीनचं पुस्तक : सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, गेलिक कवितांचा संग्रह.
- जॉन मरे संग्रह : लंडनच्या एका प्रकाशन घराण्याची कागदपत्रं, कवी बायरनच्या कागदांसह. २००६ मध्ये यासाठी ३ कोटींहून जास्त पौंड मोजले गेले.

ग्लासगो विद्यापीठात कवी एडविन मॉर्गनचे कागद आणि त्याने चिकटवलेल्या कात्रणांच्या वह्या आहेत. कवितेसाठीच वाहिलेलं 'स्कॉटिश पोएट्री लायब्ररी' १९८४ मध्ये सुरू झालं.

विकलेल्या वह्या परत कशा आल्या?

बर्न्सने आपला मित्र रॉबर्ट रिडेल याच्यासाठी दोन वह्या तयार केल्या होत्या. एकीत कविता, दुसरीत पत्रं. यांना 'ग्लेनरिडेल हस्तलिखितं' म्हणतात. बर्न्स १७९६ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी गेला. वह्या त्याच्या चरित्रकाराच्या घरी गेल्या आणि पुढे लिव्हरपूलच्या एका संस्थेकडे.

१९१३ मध्ये त्या संस्थेने त्या विकून टाकल्या. स्कॉटलंडमध्ये मोठा संताप उसळला. वह्या अमेरिकेत पोहोचल्या. पण तिथे जॉन ग्रिबेल नावाच्या फिलाडेल्फियाच्या गृहस्थाने त्या विकत घेतल्या आणि त्याच वर्षी स्कॉटिश जनतेला भेट देऊन टाकल्या. आज त्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

एका कवीच्या दोन वह्यांसाठी देश पेटून उठला, ही यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

आणि जे कधी लिहिलंच गेलं नाही, त्याचं काय?

इथे गोष्ट गडचिरोलीच्या आणखी जवळ येते. गेलिक भाषेतली कितीतरी कविता तोंडीच होती. अलेक्झांडर कारमायकल हा अबकारी खात्यातला माणूस नोकरीनिमित्त बेटांवर फिरायचा आणि लोकांची गाणी, प्रार्थना वहीत उतरवायचा. त्याच्या वह्या आज एडिनबरा विद्यापीठात आहेत.

त्याच विद्यापीठात १९५१ मध्ये स्कॉटिश लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचा विभाग सुरू झाला. अभ्यासक टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव, अगदी भटक्या समाजाच्या तंबूंपर्यंत गेले. त्यातली हजारो ध्वनिमुद्रणं आज इंटरनेटवर मोफत ऐकता येतात. त्या संकेतस्थळाच्या गेलिक नावाचा अर्थ आहे 'वारशाची विहीर'.

आपल्याकडे काय आहे?

हस्तलिखिताची सगळ्यात ओळखीची गोष्ट तर आपलीच आहे : इंद्रायणीत बुडवलेली आणि तरलेली तुकोबांची गाथा. १८६९ मध्ये शंकर पांडुरंग पंडित यांनी सरकारी मदतीने जी गाथा छापायला घेतली, तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. या कामासाठी २४ हजार रुपये मंजूर झाले. त्यामागे ज्यांचा पुढाकार होता ते शिक्षण खात्याचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट पुढे एडिनबरा विद्यापीठाचे प्रमुख झाले.

विदर्भात महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक 'सकळ' लिपीत लिहून शतकानुशतकं जपले. धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आणि राजवाडे संशोधन मंडळ आहे, पुण्यात भांडारकर संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे, म्हणजे चक्क कापडावर लिहिलेला ग्रंथ. आणि बहिणाबाई चौधरींच्या ओव्या? त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी वहीत उतरवून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ती वही नसती, तर आज आपल्याकडे बहिणाबाईही नसत्या.

म्हणजे जुन्या पोथ्या आपण बऱ्यापैकी सांभाळल्या. अडचण आहे ती कालपरवाच्या कागदांची. संतांच्या पोथीला आपण लाल कापडात गुंडाळतो, पण आजोबांची भजनाची वही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जाते.

मार्कंड्याच्या परिसरातच पाहा. झाडीपट्टीत दंडार आहे, रात्रभर चालणारी नाटकं आहेत. वडसा हे या नाटक मंडळ्यांचं मोठं केंद्र. नाटकांच्या हाताने लिहिलेल्या संहिता आहेत, भजनी मंडळांच्या वह्या आहेत, गोंडी आणि माडिया भाषांतली रेला गाणी आहेत. हे सगळं झाडीबोलीचं, गोंडीचं, माडियाचं साहित्यच आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून जास्त हस्तलिखितांसाठी 'ज्ञान भारतम्' मिशन जाहीर झालं. पण नाटकाची संहिता किंवा गाण्याची वही कुणी 'हस्तलिखित' म्हणून पुढे आणलीच नाही, तर ती कुठल्याच यादीत येणार नाही.

तुमच्या घरी अशी वही असेल तर?

१. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्हींमुळे कागद कायमचा खराब होतो.
२. स्टेपलच्या पिना आणि टाचण्या अलगद काढा. त्या गंजतात आणि कागद खातात.
३. ओल, ऊन आणि वाळवीपासून लांब ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीपेक्षा स्वच्छ सुती कापड बरं.
४. प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी पानं आणि मुखपृष्ठही सोडू नका. फोटो दोन ठिकाणी ठेवा.
५. वेगळ्या चिठ्ठीवर लिहा : वही कुणाची, कुठल्या गावची, साधारण कधीची. ही माहिती नसेल, तर पन्नास वर्षांनी ती वही मुकी होते.
६. गाणारी माणसं हयात असतील, तर त्यांच्या परवानगीने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. गाण्याआधी त्यांना नाव-गाव सांगायला लावा.
७. मूळ वही कुणाला देणार असाल, तर लेखी पोच घ्या.

मार्कंड्याच्या दगडांची नोंद दीडशे वर्षांपूर्वी झाली. त्याच नदीकाठच्या गाण्यांची नोंद करायला आज फक्त एक मोबाइल आणि एक दुपार लागते. ज्यांना ती गाणी पाठ आहेत, त्यांचं वय मात्र थांबलेलं नाही.