सार्वदेहिक शोथ-प्रतिक्रिया व परळची प्लेग लस

जंतुसंसर्ग, भाजणे, मोठी इजा इ. कारणांनी एका जागी सुरू झालेला शोथ (दाहयुक्त सूज) सर्व शरीरावर परिणाम करू लागला, म्हणजे त्या अवस्थेस सार्वदेहिक शोथ-प्रतिक्रिया म्हणतात. ज्वर, जलद नाडी व श्वसन आणि रक्तातील श्वेत कोशिकांच्या संख्येतील बदल ही तिची प्रमुख लक्षणे होत. ही संज्ञा १९९१ मध्ये अमेरिकेतील तज्ञांच्या परिषदेत निश्चित झाली. तथापि अशा प्रकारच्या प्रतिक्रियेचा अनुभव मुंबईत जवळजवळ शतकभर आधी आला होता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. व्हाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात, पृष्ठभागावर तूप सोडलेल्या मांसरसात प्लेगचे जंतू वाढविले व ते उष्णतेने मारून लस बनविली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांना वेदना व ज्वर आला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण कमी आढळले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तिला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

मृत जंतू वाढू शकत नाहीत, तरीही ज्वर येतो. जंतूंच्या आवरणातील अंतर्विषाची कल्पना रिखार्ट फायफर यांनी १८९२ मध्ये पटकीच्या संदर्भात मांडली होती. अंतर्विषाची चाहूल लागताच भक्षक कोशिका जी संदेशक प्रथिने सोडतात, त्यांमुळे ज्वर येतो, हे पुढे स्पष्ट झाले. लशीनंतर ही प्रतिक्रिया लवकरच शमते व प्रतिकारक्षमता मागे राहते. प्लेगचे जिवंत जंतू रक्तात वाढत राहिल्यास मात्र ती आवरत नाही : केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो, रक्तदाब घसरतो, सूक्ष्म वाहिन्यांत रक्त साखळते व इंद्रिये निकामी होतात. म्हणून जंतुनाशक औषध लवकर देणे आवश्यक असते. १९४० च्या सुमारास परळ येथेच साहिबसिंग सोखी व सहकाऱ्यांनी प्लेगवर सल्फा औषधांचा अभ्यास केला.

२०१६ मधील नव्या व्याख्येनुसार केवळ ही लक्षणे जंतुरक्तदोषाचा पुरावा मानली जात नाहीत; प्रतिसादाचे नियंत्रण सुटून इंद्रियांचे कार्य बिघडणे हा निकष आहे. लशीचा ज्वर व प्लेगचा ज्वर यांतील भेदही हाच होय.