वळवणचं पाणी, महाशिराची वाट

साल १८३०. आषाढ लागलाय आणि कुरवंड्याकडून उतरणाऱ्या इंद्रायणीत तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे आहात. पाणी गढूळ, ओढ जबर. पोटरीला काहीतरी जड घासून पुढे जातं. महाशीर! जाड खवल्यांचे हे मासे पुराच्या विरुद्ध वर चढतायत, गोट्यांच्या ओढ्यांत अंडी घालायला. खाली देहूच्या डोहात मासा धरत नाहीत. साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनभर हिंडून माशांची टिपणं करतोय. १८३९ मध्ये मुळा-मुठेतला हा मासा ‘खुद्री’ या नावानं शास्त्राच्या दप्तरी लागेल.

१९११. लोणावळ्यात टाटांच्या वीजप्रकल्पाची कोनशिला बसलीय. चारच वर्षांत पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीत कोसळेल आणि मुंबईच्या गिरण्या विजेवर चालतील. इंद्रायणीतून भीमेला जायचं पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीला मिळेल. पाण्याला उतरायला नळ मिळाले. धरणांत माशाला चढायला वाट ठेवली नाही.

आता १९७० चं दशक, याच प्रकल्पासाठी इंद्रायणी अडवून केलेला वळवणचा तलाव. पावसाची झड लागलीय आणि टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात कोणी मोठ्यानं बोलत नाही. जाळ्यातून अलगद काढलेली मादी ओल्या फडक्यात धरलीय. तिच्या पोटावरून अंगठा हळूच फिरतो आणि ट्रेमध्ये लिंबोळीच्या रंगाची अंडी ओघळतात. वर नराचं वीर्य, पिसानं हलकेच ढवळणं, मग स्वच्छ पाणी. मादी पुन्हा तलावात. अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये राहतात, काही दिवसांत पिल्लं बाहेर येतात. जिथे नदी अडली, तिथेच माणसांनी नदीचं काम हाती घेतलं. हे मोठंच काम होतं आणि ते अजून चालू आहे.

पण ही पिल्लं कावेरीतही सोडली गेली, तिथे खुद्री मूळची नव्हती. पुढे कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर इतका घटला की २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. तिथली धरणं आणि चोरटी मासेमारी कारण आहेतच. बाहेरून आलेल्या खुद्रीकडेही अभ्यासक बोट दाखवतात. ज्या नदीचा मासा, त्याच नदीत सोडायला हवा.

आज आळंदीच्या घाटावर उभे राहा. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतोय. या पाण्यात कितीही पिल्लं सोडली तरी ती जगायची कशी? मत्स्यबीज केंद्र मासा देईल. स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ देणं त्याच्या हातात नाही. ते मावळच्या ग्रामपंचायतींच्या, लोणावळा नगरपरिषदेच्या आणि ओढ्याकाठी बंगले बांधणाऱ्यांच्या हातात आहे. सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नका, ओढे बुजवू नका, आणि पावसाळ्यात वर चढणाऱ्या माशावर जाळं टाकू नका.