साखरेतला बंध आणि उसाचा उतारा

मागच्या व्याख्यानात अणू एकमेकांना धरून का राहतात इथपर्यंत आपण आलो होतो. आज तोच प्रश्न आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या जुन्या नगरच्या उसाच्या पट्ट्यात घेऊन जाणार आहोत. तुम्ही म्हणाल, रासायनिक बंधाचा आणि लोणी-श्रीरामपूरचा काय संबंध? संबंध थेट पैशाचा आहे. या भागात गेली शंभर वर्षं माणसं एका विशिष्ट बंधावर जगत आली आहेत, फक्त त्याला ते 'उतारा' म्हणतात.

आधी तो बंध बघू. साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा रेणू हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांचा जोड आहे. दोघींच्या मध्ये ऑक्सिजनचा एक अणू पुलासारखा बसलेला असतो. तो ऑक्सिजन दोन्ही बाजूंच्या कार्बनशी इलेक्ट्रॉनची एकेक जोडी वाटून घेतो. जोडी वाटून घेणं म्हणजे बंध, ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. त्याच वर्षी जर्मनीत कोसेल यांनी दुसऱ्या प्रकारचा बंध सांगितला: एकानं इलेक्ट्रॉन द्यायचा, दुसऱ्यानं घ्यायचा आणि विरुद्ध भारांनी एकमेकांना ओढून धरायचं. हे दोन्ही बंध साखर कारखान्यात एका छपराखाली सापडतात.

पण इतिहासाची गंमत अशी, की साखरेतला हा पूल कसा तुटतो ते माणसाला पूल काय आहे हे कळण्याच्या खूप आधी मोजता आलं. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो. द्रावणात आम्ल घातलं की हे वळण हळूहळू कमी होत जातं आणि शेवटी उलटं, डावीकडे होतं. १८५० मध्ये विल्हेल्मी यांनी हा बदल घड्याळ लावून मोजला. रासायनिक क्रियेचा वेग असा मोजून, गणितात बसवण्याचं हे पहिलं काम मानलं जातं. पुढं १९१३ मध्ये मिकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांचं प्रसिद्ध समीकरण मांडलं, तेही इन्व्हर्टेज या विकरावर काम करून. इन्व्हर्टेज काय करतं? नेमका हाच पूल तोडतं. आणि ते उसातच असतं.

आता नगरकडे येऊ. हा मुळात दुष्काळी मुलूख. गोदावरीचे आणि प्रवरेचे कालवे आले, १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं आणि कालव्याच्या कडेनं ऊस उभा राहिला. सासवडकडची माळी मंडळी इथं येऊन खंडानं जमिनी घेऊन ऊस करू लागली. त्या उसाचा मुख्यतः गूळ व्हायचा. गुऱ्हाळावर सगळ्यात मोठा मान गुळव्याचा. रसात चुना किती टाकायचा, भेंडीचं पाणी कधी घालायचं, मळी कधी काढायची, हे सगळं त्याच्या नजरेवर. शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असे. आम्हाला हे ज्ञान कमी दर्जाचं वाटत नाही. पूल तुटून सुटे झालेले ग्लुकोज-फ्रुक्टोज सुक्रोजचे स्फटिक जमू देत नाहीत, एवढंच त्यामागचं रसायन. घरात पाक साखरू नये म्हणून आपण लिंबू पिळतो, तेव्हा हेच मुद्दाम करतो.

१९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण मिळालं आणि देशभर कारखाने वाढले. आपल्याकडे हरेगावला बेलापूर कंपनीचा खाजगी कारखाना होताच. मग स्वातंत्र्यानंतर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखाना उभा राहिला. १९५०-५१ चा त्याचा पहिला गळीत हंगाम. त्याला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणायची पद्धत आहे. आंध्रात त्याआधी तसे प्रयत्न झाले होते, तेव्हा आम्ही तो शब्द जरा जपून वापरू. पण शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना चालतो, हे महाराष्ट्राला त्यानंच दाखवलं यात वाद नाही.

कारखान्यात काय होतं? रस मुळात आंबट असतो. तसाच तापवला तर पूल तुटतील, म्हणून चुना. चुना जास्त झाला तर सुट्या शर्करा बिघडून रस काळपट होतो, म्हणून गंधकाचा धूर. कॅल्शियम आणि सल्फाइट यांचा कोसेलच्या पद्धतीचा बंध जुळून साका खाली बसतो आणि जाताना घाण घेऊन जातो. नंतर निर्वात भांड्यात, कमी तापमानावर पाक आटवायचा, तोही पूल जपण्यासाठीच. शेवटी स्फटिक. स्फटिकात रेणू रेणूला धरतो तो तिसरा, हायड्रोजन बंध, खूप कमजोर. चहात साखर विरघळते तेव्हा फक्त हा सुटतो, आतला पूल शाबूत राहतो.

आता खरी अडचण. ऊस तोडला की इन्व्हर्टेजचं काम जोरात सुरू होतं, म्हणून चोवीस तासांच्या आत गाळप व्हावं असं सांगतात. तुटताना प्रत्येक रेणू पाण्याचा एक रेणू घेतो: ३४२ चे ३६० होतात. म्हणजे विरघळलेला ऐवज कमी होत नाही, उलट ऊस सुकल्यानं ब्रिक्स चढतो. नुसता ब्रिक्स बघणारा फसतो. पोल बघावा लागतो, म्हणजे विल्हेल्मींचाच प्रकाश वळवणारा प्रयोग.

यात झळ कुणाला? पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीडमधून आलेल्या कोयत्यांची मजुरी टनावर ठरते, त्यामुळं गाडी रांगेत उभी राहून ऊस वाळला तर वजनाबरोबर तीही घटते. शेतकऱ्याचं वजन घटतं ते वेगळंच. साखरेची घट मात्र एकट्याच्या नावावर पडत नाही. किमान दर दहाच्या आसपासच्या, अलीकडे १०.२५ टक्के, उताऱ्याला बांधलेला असतो आणि तो उतारा सगळ्या कारखान्याचा सरासरी. ताजा ऊस आणणाऱ्याला आणि तीन दिवस रांगेत अडकलेल्याला टनाला भाव एकच. ऑस्ट्रेलियात प्रत्येकाच्या उसातली साखर मोजून पैसे देतात. इथं दोन-चार एकरवाल्या हजारो सभासदांचा पोल रोज वेगळा काढायचा, तर प्रयोगशाळा वाढवावी लागेल. शिवाय रांग कुणामुळं लांबली याचा हिशेबही मग मांडावा लागेल, कारण तोडणीची तारीख शेतकरी ठरवत नाही, कारखाना ठरवतो.