हाकेला ओ

हाक मारली आणि ओ आली नाही, तर त्याचे अर्थ किती होऊ शकतात हे वर्गात हजेरी घेणाऱ्याला विचारावे. मुलगा आलेलाच नसतो; आलेला असतो, पण खिडकीबाहेर पाहात असतो; त्याचे नाव आम्ही भलतेच उच्चारलेले असते; वर्गात गोंगाट इतका असतो की त्याचे ‘हजर’ टेबलापर्यंत पोचत नाही; आणि क्वचित तो रुसून मुद्दाम गप्प बसलेला असतो. हजेरीपटावर मात्र पाचही वेळा खूण एकच पडते. संगणकांच्या जगात गेली पन्नासपंचावन्न वर्षे हाच घोळ चालू आहे. एखादे यंत्र ओ देईनासे झाले की ते मेले, झोपले, की मधला रस्ताच खचला, हे ठरवण्यासाठी माणसांनी काय काय केले त्याची ही हकीकत. दिवाळीच्या फराळाबरोबर यंत्रांची गोष्ट कशाला, असे एखाद्या आजीबाई म्हणतील. पण एका रात्री त्यांचाही फोन मुका झाला होता, आणि ती रात्र या हकीकतीत पुढे येणारच आहे.

पहिली हाक २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास मारली गेली. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी यंत्रापुढे बसला होता आणि सुमारे साडेतीनशे मैलांवर, मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, बिल डुव्हॉल दुसऱ्या यंत्रापाशी होता. ‘लॉगिन’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत पाठवायचा होता. मौज अशी की, या दोघांच्या कानाला साधा टेलिफोन होता. ‘एल’ आला का? आला. ‘ओ’ आला का? आला. तिसरे अक्षर दाबताच पलीकडचे यंत्र कोसळले. तासाभराने ते पुन्हा उभे केले आणि मग शब्द पुरता गेला. पण त्या रात्री पहिल्या हाकेत पोचलेले शेवटचे अक्षर ‘ओ’ होते, हा योगायोग मराठी माणसाला गंमत वाटावा असाच आहे. मला स्वतःला मात्र त्या टेलिफोनचे अप्रूप अधिक वाटते. पलीकडचे यंत्र पडले हे क्लाइनला नव्या तारेने सांगितले नाही. ते जुन्या तारेने सांगितले. यंत्र गप्प झाले की त्याची खबर आणायला दुसरी वाट लागते. ती दुसरी वाट पुढे पुष्कळांनी बुजवून टाकली.

त्या जाळ्याचे नाव आर्पानेट. ते वाढत गेले आणि २७ ऑक्टोबर १९८० रोजी सगळेच्या सगळे काही तास बंद पडले. तारा शाबूत, यंत्रे चालू, आणि तरीही कोणाची हाक कोणाला पोचेना! प्रत्येक ठिकाणी ‘इम्प’ नावाचे एक द्वारपाल-यंत्र असे आणि आपल्या आसपासच्या तारांची खुशाली ते इतरांना वरचेवर कळवीत असे. कोणता निरोप नवा आणि कोणता शिळा हे कळावे म्हणून निरोपांवर ० ते ६३ असे क्रमांक असत. घड्याळात बारानंतर एक येतो तसा ६३ नंतर पुन्हा शून्य. त्या दिवशी एका यंत्राच्या बिघाडाने क्रमांकातले काही अंश गळाले आणि ८, ४० व ४४ असे एकाच इम्पचे तीन निरोप एकाच वेळी जाळ्यात फिरू लागले. नियमाप्रमाणे ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा, आणि चक्र फिरल्यामुळे ४४ पेक्षा ८ पुन्हा नवा! प्रत्येक द्वारपाल दर वेळी ‘ताजी खबर’ म्हणून तेच तीन निरोप शेजाऱ्याला धाडीत राहिला. गप्पांतच सारे इतके गुंतले की कामाला कोणी मोकळा राहिला नाही. अखेर त्या एका इम्पच्या निरोपांकडे दुर्लक्ष करा, असे बाकीच्या इम्पना शिकवावे लागले, तेव्हा कोठे जाळे मोकळे झाले.

यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर १९८३ मध्ये, मेरीलंडमधील ॲबरडीन येथे अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस नावाचा पंचविशीचा तरुण नोकरीस होता. प्रयोगशाळेतले जाळे विचित्र वागू लागले होते. त्याच वर्षी जुलैत नॉर्वेतल्या एका बैठकीत डेव्ह मिल्स यांनी प्रतिध्वनीचे निरोप पाठवून वाटेला लागणारा वेळ कसा मोजता येतो ते सांगितले होते, ते म्यूसला आठवले. समोरच्या यंत्राने ‘आहेस का?’ला ‘आहे’ म्हणावे, हा शिष्टाचार जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्येच लिहून ठेवलेला होता. म्यूसने एका संध्याकाळी बसून त्यावर हजारेक ओळींची एक आज्ञावली लिहिली. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनार यंत्राचा आवाज पाण्यात जसा जाऊन आदळून परत येतो, त्या आवाजावरून तिचे नाव ठेवले ‘पिंग’. गंमत म्हणजे ती चालू होईपर्यंत मूळचा बिघाड दुरुस्तही झाला होता. तो वाया गेलेला हत्यारी हात पुढे जगभर गेला. पुढे म्यूसने स्वतःच लिहून ठेवले आहे की, आयुष्यात याच कामाने आपले नाव होणार हे ठाऊक असते तर आपण आणखी एक-दोन दिवस त्यावर खर्चिले असते! वीस नोव्हेंबर २००० रोजी मोटार अपघातात तो गेला, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता.

त्यानेच सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. एका इमारतीत तार कोठेतरी ढिली होती आणि प्रत्येक जोड हलवून पाहिल्यावर पुन्हा पडद्यापाशी धावत यायला तिथला माणूस कंटाळला होता. त्याने यंत्राला असे शिकवले की, ओ आली की मोठ्याने ‘पिंग’ म्हणायचे. आवाज चढवून ठेवला आणि स्वारी इमारतभर जोड हलवीत हिंडू लागली. ज्या जोडाला हात लावताच आवाज थांबला, तोच दोषी!

१९८८ च्या अखेरीस व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसराउट’ लिहिले. हाक कोठवर जाऊन अडते, ते मुक्कामामागून मुक्काम दाखवणारी ही युक्ती.

आता जी यंत्रे मुळात नाहीतच त्यांच्याकडे वळू. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात १९६७ च्या सुमारास एका यंत्राच्या पोटात अनेक यंत्रांचा भास निर्माण करण्यात आला. १९७२ मध्ये तीच विद्या ‘व्हीएम/३७०’ या नावाने बाजारात आली. आज एका खऱ्या यंत्रात, म्हणजे यजमानात, दहा-वीस पाहुणे सुखाने नांदतात. आपल्या जुन्या वाड्यासारखेच समजा: बिऱ्हाडे वीस, पण दिंडी दरवाजा एक. दरवाजा अडकला की वीसही घरांची ओ एकदम बंद होते, आणि बाहेरच्याला वाटते की वाड्यात पटकीच आली!

जाणता माणूस अशा वेळी उतावीळ होत नाही. तो आधी स्वतःलाच हाक मारतो; १२७.०.०.१ हा प्रत्येक यंत्राचा स्वतःचा पत्ता असतो. मग आपल्या वेशीवरच्या यंत्राला, मग वेशीपलीकडच्याला. नावाने ओ येत नसेल तर क्रमांकाने हाक मारतो. क्रमांकाला ओ आली तर दोष नामावलीचा. आलेल्या उत्तराची जातही तो पाहतो. ‘मालक सापडत नाही’ असा शेरा मारून टपाल परत आले, तर निदान ते कोठल्या पोस्टापर्यंत गेले हे कळते. परतच आले नाही तर तेवढाही सुगावा नाही. पाहुण्यांतला एखादा बोलतो आहे आणि यजमान तेवढा गप्प, असे असेल तर वाडा उभा आहे, यजमानाची स्वतंत्र वाट तेवढी तुटली आहे. तारेपाशी हिरवा दिवा लुकलुकतो म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नसतो, कारण यजमानाच्या पोटातले जोड तांब्याचे नसून आज्ञावलीचे असतात आणि त्यांना दिवा नसतो. शिवाय काही यंत्रांना अनोळखी हाकेला ओ देऊ नये असे बजावलेले असते. शेवटी उरते ती दुसरी वाट: मुख्य यंत्र निजले तरी जागा राहणारा, स्वतःची वेगळी तार असलेला एक लहानसा पहारेकरी आत बसवलेला असतो, त्याला विचारायचे.

हे सारे करायचे, कारण यजमान मेला असे चुकून ठरवले तर अनर्थ होतो. त्याचे पाहुणे दुसऱ्या यजमानाकडे नव्याने उभे केले जातात. आणि पहिला जिवंतच असला तर एकाच पाहुण्याच्या दोन प्रती एकाच दप्तरावर एकदम लिहू लागतात. दप्तराचा चिखल होतो. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. ते पडले याची खात्री पुण्यात पुष्कळांना होईना, आणि त्या अनिश्चिततेतून जो तोतया उभा राहिला त्याचा बंदोबस्त १७७६ मध्ये देहान्ताने करावा लागला. संगणकवालेही आज तसेच निष्ठुर झाले आहेत. नवी प्रत उभी करण्यापूर्वी ते गप्प यजमानाची वीज आधी तोडतात.

आणि आता आजीबाईंची ती रात्र. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असताना, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम मुके झाले. घरोघरी लोकांनी फोन बंद करून पुन्हा चालू केले, आणि बिचाऱ्या वायफायला दोष दिला. प्रत्यक्षात फेसबुकच्या माणसांनी देखभालीत आपल्याच अंतर्गत महामार्गाची क्षमता अजमावण्यासाठी एक आज्ञा दिली होती, तिने तो सगळाच महामार्ग तुटला. अशी आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासनिसातही दोष होता, त्यामुळे ती अडली नाही. नामावली सांभाळणाऱ्या यंत्रांना आपली मुख्य केंद्रे दिसेनात, तेव्हा आपणच नादुरुस्त आहोत असे समजून त्यांनी जगाला दिलेले आपले पत्ते मागे घेतले. ती यंत्रे धडधाकट होती. त्यांच्याकडे जाण्याचा रस्ता मात्र नकाशावरून पुसला गेला. दुरुस्तीसाठी राखलेली दुसरी वाटही त्याच वेळी बंद पडली होती. शेवटी माणसे प्रत्यक्ष केंद्रांवर धाडावी लागली. आणि त्या इमारती चोरापासून इतक्या सुरक्षित केलेल्या की, घरच्या माणसांनाही आत शिरून यंत्रांना हात लावायला वेळ लागला. यंत्रे पुन्हा जागी करतानाही सगळी एकदम केली नाहीत. विजेचा भार एकाएकी चढला तर नवेच संकट ओढवायचे. सुमारे सहा तासांनी ओ येऊ लागली. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन-चार वाजले होते, आणि उशाशी ठेवलेल्या फोनांवर तुंबलेले निरोप एकामागून एक येऊन पडत होते.