मुलांजवळ बसणारी माणसे



यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही लेखिका नव्हे. वाचनाची आवड आहे, एवढेच. त्यातून असोद्याच्या बाईने लिहायचे म्हणजे भरिताविषयी लिहायचे, अशी बाहेरच्यांची समजूत. आणि भरीत कसे करावे हे आपल्या गावात कोणाला सांगण्याची सोय नाही. परंतु मागच्या बैठकीत एक गोष्ट घडली, ती मनातून जाईना, म्हणून हे चार शब्द.

आपल्यापैकी बऱ्याच जणी त्या बैठकीला होत्या. शेतमजुरी करणाऱ्या घरांतील मुलांना दिवेलागणीच्या वेळी तासभर जवळ घेऊन बसावे, अशी सूचना आली होती. कापूस वेचणीच्या दिवसांत आई अंधार पडता पडता घरी येते, बाप केळीच्या कापणीवर किंवा गाडी भरण्यावर असतो, आणि शाळेतून आलेले मूल दप्तर टाकून गल्लीत फिरत राहते, हे आपण सगळ्याच पाहतो. सूचना सर्वांना पटली. मग कोण बसणार, असा प्रश्न आला, आणि सभा एकदम शांत झाली. शेवटी मागे बसलेल्या एका मावशी म्हणाल्या, "मले काय येतं व माय शिकवाले? मले तं सही बी करता येत नाही." सगळ्या हसल्या, मावशीही हसल्या, आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मी हसले खरी, पण घरी आल्यावर वाटले, मावशींचे उत्तर आपल्या सर्वांच्या मनातले होते. ज्या बारावी झाल्या त्याही म्हणतात, आता आठवत नाही. ज्या पदवीधर आहेत त्या म्हणतात, आताचे पुस्तक वेगळे आहे. तेव्हा शिकवणे म्हणजे काय आणि मुलाजवळ बसणे म्हणजे काय, या दोन गोष्टी एकच आहेत की वेगळ्या, हे मागच्या लोकांनी काय केले त्यावरून पाहावे, असे मी ठरवले.

यासाठी फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यातील अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या तत्त्वज्ञान मंदिरात पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक कोकणी तरुण आला. पुढे १९२४ साली तो तेथील हायस्कुलात शिक्षक झाला. हेच आपले साने गुरुजी. सहा वर्षे त्यांनी तेथे नोकरी केली. वर्गात ते काय शिकवीत असत याच्या आठवणी पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे जे अधिक सांगितले ते वर्गातले नव्हे, छात्रालयातले आहे. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. खेड्यापाड्यांतून आलेली, आईला सोडून राहिलेली मुले. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, कपडे धुऊन टाकीत, कोणी आजारी पडला तर उशाशी बसत. मुलाला रागावून शिस्त लावण्याऐवजी त्याचे विस्कटलेले अंथरूण आपण स्वतः नीट करून ठेवायचे, म्हणजे मूल लाजून दुसऱ्या दिवशी आपणच नीट करते, अशी त्यांची रीत होती. (हा उपाय मी माझ्या नातवावर करून पाहिला. तो लाजला नाही. पण गुरुजींइतका धीर माझ्यापाशी नाही, हेही कबूल केले पाहिजे.)

त्याशिवाय ते 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखित काढीत. रोज स्वतःच्या हाताने लिहायचे आणि मुलांनी वाचायचे. पुढे 'विद्यार्थी' नावाचे मासिकही त्यांनी काढले. विचार करा, दिवसभर शाळा, मग छात्रालयाचा व्याप, आणि वर रोजचे लेखन. यातले कोणते काम त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर होते? पगार वर्गात शिकवण्याचा. मुले मात्र त्यांची झाली ती त्या कागदाबाहेरच्या कामामुळे.

आणि हे सर्व त्यांना कोणी शिकवले? १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले, त्यात याचे उत्तर आहे. त्यांच्या आईचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर शिक्षिका म्हणून नव्हते. पालगडसारख्या गावातली, संसाराने गांजलेली गृहिणी.

१९३० साली गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. येथे मी थोडी अडखळले. मुलांना जीव लावायचा आणि मग निघून जायचे, हे मुलांच्या बाजूने पाहिले तर कसे वाटले असेल? देशाचे काम मोठे होते, यात शंका नाही. परंतु गुरुजींच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे असे दिसते की ते गेले तरी त्यांनी मुलांशी बोलणे तोडले नाही. ते मुलांसाठी लिहीत राहिले. शेवटच्या काळात सुधा या आपल्या पुतणीला त्यांनी जी पत्रे लिहिली ती 'सुंदर पत्रे' म्हणून पुष्कळांच्या घरी असतील. समोर बसता येत नसेल तर पत्राने बसायचे, असा तो प्रकार.

याच सुमारास दूर अमेरिकेतही अशाच कामाचा एक संघटित प्रकार चालू होता. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात अर्नेस्ट कोल्टर नावाचे एक कारकून होते. चोऱ्यामाऱ्या करून पकडलेली पोरे रोज डोळ्यांसमोरून जात. १९०४ साली त्यांनी शहरातल्या काही गृहस्थांना एकत्र बोलावून विनंती केली की प्रत्येकाने एकेका मुलाशी थोरल्या भावासारखी ओळख ठेवावी. पैसे नकोत, उपदेश नको. आठवड्यातून भेटावे, विचारपूस करावी. त्यातून 'थोरले भाऊ' नावाची चळवळच उभी राहिली आणि पुढे थोरल्या बहिणीही तिच्यात आल्या. आपल्याकडे थोरली बहीण वेगळी नेमावी लागत नाही, असे आपण म्हणतो खरे. पण गल्लीतल्या दुसऱ्याच्या मुलाची थोरली बहीण कोण होते, हा प्रश्न उरतोच.

आता ज्या दोन बायकांची हकीकत मला या सगळ्यांत अधिक जवळची वाटते ती सांगते. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामाला त्यांनी आयुष्य वाहिले. शहरातल्या बालमंदिरांचे कौतुक होत होते. परंतु ही शाळा गरिबाच्या पोरापर्यंत जात नाही, हे शल्य त्यांना होते. म्हणून १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताई बालविधवा. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येई ते आपल्या आज्यांना विचारावे. त्या शिकल्या, पुण्यात शिक्षिका झाल्या, आणि चांगली चालू नोकरी सोडून या खेड्यात आल्या.

बोर्डीला बालवाडी उघडली. गावातली काही मुले आली, हरिजनवाड्यातली येईनात. कोणी म्हणेल, बोलावले, आली नाहीत, आपला काय दोष? या दोघींनी तसे म्हटले नाही. मूल शाळेकडे येत नाही तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरवून त्या वस्तीतच गेल्या आणि मुलांच्या अंगणात बसल्या. पहिले काम अक्षरांचे नव्हतेच. अंगण झाडणे, मुलांना अंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे. मग गाणी, मग गोष्टी. आज आपल्या गावातल्या लहानग्या पोरांची आई "अंगणवाडीत सोडून येते" असे सहज म्हणते, तो शब्द या अंगणातून आला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला.

पुढे १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे वारली मुलांची अडचण निराळी. पोरे गुरे राखायला जात, शाळेला वेळ कोठून असणार? मग कुरणशाळा निघाली. मुले गुरांमागे जातात ना, तर शिक्षकानेही त्यांच्याबरोबर कुरणात जावे. ताराबाई १९७३ साली वारल्या. अनुताई त्यानंतरही तेथेच होत्या, १९९२ साली त्यांचे निधन होईपर्यंत. म्हणजे बोर्डीला पाऊल ठेवल्यापासून सत्तेचाळीस वर्षे. ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, अनुताईंना पद्मश्री. पण मला त्या पदव्यांपेक्षा सत्तेचाळीस हा आकडा मोठा वाटतो.

याचे कारण आमचीच एक चूक आहे. ती येथे लिहू नये असे दोघींनी सुचवले, पण स्मरणिकेत फक्त हळदीकुंकवाचे फोटो असावेत असे मला वाटत नाही. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा गावोगाव शिकलेल्या मुलामुलींनी ओट्यावर, पारावर लहानांना घेऊन बसण्याचे काम केले. आम्हीही तिघी बसत होतो. माझ्या ओट्यावर सात-आठ मुले येत. त्यात तिसरीतला एक मुलगा होता. वाचायला अडखळायचा, पण वेळेच्या आधी हजर. शाळा उघडल्या, आम्हाला वाटले आपले काम झाले. माझ्या घरी लग्नकार्य निघाले, दुसरीच्या सुनेचे बाळंतपण आले, आणि कोणी काही न बोलता वर्ग बंद पडला. तो मुलगा त्यानंतर पंधरा-वीस दिवस संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत असे. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. एकदा म्हटले, "आज नाही रे बाळा, पाहुणे आहेत." त्याने मान हलवली. पुढे यायचा थांबला. रस्त्यात भेटला तर दुसरीकडे पाहू लागला.

२००२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्या थोरल्या भाऊ-बहिणींच्या कामाचाच. ज्या मुलांची सोबत वर्षभर किंवा अधिक टिकली त्यांना सर्वांत अधिक लाभ झालेला दिसला. परंतु ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आतच तुटली, त्यांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला. हे मला कळले तेव्हा तो ओटाच डोळ्यांसमोर आला. आमच्यापैकी एकीलाही गणित येत नव्हते असे नव्हे. येत होते. आम्ही जायचे थांबलो, हाच काय तो दोष.

म्हणून मावशींचे "मले काय येतं" मी आता वेगळ्या कानांनी ऐकते. आणि हे असोद्यात ऐकू यावे, याचे नवल वाटते. २४ ऑगस्ट १८८० रोजी याच गावी, महाजनांच्या घरी बहिणाबाई जन्मल्या. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरी गेल्या, तिशीत वैधव्य आले, आणि अक्षर मात्र जन्मभर ओळखीचे झाले नाही. जात्यावर, शेतात त्या जे बोलल्या ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्या इतरांनी ऐकून उतरवून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने गाण्यांचे पुस्तक निघाले. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे.

बहिणाबाईंनी वर्ग चालवला असे मी म्हणत नाही. मला एवढेच दिसते की एका बाजूला बोलणारी आई होती, दुसऱ्या बाजूला लिहिणारा मुलगा होता, आणि दोघे एकमेकांजवळ बसले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली, ती साने गुरुजींनी बसून लिहून घेतली. एवढा मोठा शिक्षक, पण तेथे तो लिहून घेणारा झाला. हे खानदेशात दोनदा झाले आहे. तेव्हा मावशींना सही येत नसेल तर त्यांनी जात्यावरच्या ओव्या सांगाव्यात, पेरणीचे आडाखे सांगावेत, जुन्या दुष्काळाची हकीकत सांगावी. पाचवी-सहावीच्या पोरांनी ती वहीत उतरवावी, शुद्धलेखन आपल्यातील एखाद्या शिकलेल्या सुनेने तपासावे. मूल लिहायला शिकेल, आणि मावशींकडे जे आहे ते वहीत तरी राहील. मी मावशींना हे घरी जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग एवढंच व्हय, त येते मी."

तर आता व्यवस्था अशी ठरली आहे. मंगळवार आणि शुक्रवार, दिवेलागणीला, माझ्याच ओट्यावर. प्रत्येकीने दोनच मुले घ्यायची, अधिक नाही. घरी कार्य निघाले तर बदली बाई आधी सांगून ठेवायची, आणि मुलाला स्वतः जाऊन सांगायचे की अमुक दिवशी मी येणार नाही, अमुक दिवशी येईन. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ज्यांना शब्द देता येत नाही त्यांनी नाव देऊ नये. त्यात कमीपणा नाही, त्यांनी चहाचे पाहावे. आजपर्यंत मावशी धरून सात नावे आली आहेत.

तो मुलगा आता बराच मोठा झाला आहे. परवा त्याच्या आईला वाटेत गाठून मी विचारले, लहानांना पाढे म्हणवून घ्यायला तो येईल का? ती म्हणाली, "इचारून सांगते, काकू." अजून निरोप आलेला नाही. मी शुक्रवारी त्यांच्या घरी जाणार आहे.